रक्तपेढीतला कोरा रकाना

मित्रांनो, नांदेडच्या एका रक्तपेढीत खिडकीशी बसलेला मी एक जुना संगणक आहे. कळांवरची अक्षरं पुसली, पण रक्तदात्यांची नावं अजून पोटात नीट आहेत.

मला आणलं तेव्हा हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. इथले कारकून अण्णाराव दाता शोधायला यादीतलं एकेक नाव वाचत खाली जायचे. पुढे धम्मप्रियाताई इथे कामाला आल्या. हसून म्हणाल्या, "अण्णा, चाळणीत एकेक दाणा टाकता का? सगळं धान्य एकदमच घेता ना?" त्या मला समूह सांगायच्या. अमुक गटाचे सगळे घे, शहरातले ठेव, नुकतंच रक्त दिलेले वगळ. मी क्षणात उत्तर द्यायचो. कौतुक व्हायचं. मग नवी यंत्रं आली, माझ्यावर धूळ बसली; दात्यांची यादी मात्र माझ्याकडेच राहिली.

श्रावणातला सोमवार होता. केवळाबाई धापा टाकत आल्या. त्यांच्या सुनेचं, शिवांगीचं, बाळंतपणात फार रक्त गेलं होतं. गट ओ-निगेटिव्ह, आणि पेढीत एकही पिशवी नव्हती.

उपाशी माणसाचं रक्त आम्ही घेत नाही, म्हणून प्रत्येक दात्याचा उपासाचा वार लिहून ठेवतो. ताईंनी विचारलं, ओ-निगेटिव्हपैकी ज्यांचा वार सोमवार नाही, ते दाखव. मी रिकामा पडदा दाखवला.

"एवढ्या नांदेडात एकबी न्हाई का गं माय?" केवळाबाईंनी विचारलं.

"न्हाई म्हणतंय हे डबडं," अण्णाराव म्हणाले. "परभणीच्या पेढीला फोन लावतो."

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. त्या गटात ज्यांनी वार लिहिला होता, त्या सगळ्यांचा सोमवारच होता. पण काहींनी वाराचा रकाना कोरा सोडला होता. त्यांचा वार सोमवार आहे की नाही, मला ठाऊकच नव्हतं. जे ठाऊक नाही, त्याला मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ती माणसं दोन्हीकडून निसटली.

ताईंनी दात्याचा एक कोरा अर्ज उचलून वाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. "अण्णा, मी उपास धरत न्हाई. मी काय लिहिलं असतं इथं?"

"काय लिहिणार? कोरं सोडलं असतं."

"मग मीबी दिसले नसते की!"

त्यांनी प्रश्न बदलला. ओ-निगेटिव्हचे सगळे घे. ज्यांनी सोमवार लिहिलाय, तेवढेच वजा कर. उरतील ते दाखव.

वाराचा रकाना कोरा सोडलेला विष्णुपुरीचा अश्वजित पडद्यावर आला.

तो लगेच आला. "जेवूनच आलो, मावशी," केवळाबाईंना म्हणाला. तपासण्या होऊन पिशवी गेली. संध्याकाळी शिवांगीनं डोळे उघडल्याचा निरोप आला. केवळाबाईंनी स्वतःच्या फराळाची केळी अश्वजितच्या हातात ठेवली. "आज माझ्या सोमवाराला तूच पावलास, लेकरा."

मित्रांनो, माझी धूळ पुसा अथवा राहू द्या. पण कुणी गप्प राहिला म्हणून त्याला वगळू नका. आधी सगळ्यांना आत घ्या, मग ज्याला काढायचं त्यालाच काढा. आणि माझा पडदा रिकामा दिसला, तर उठण्याआधी आपला प्रश्न पुन्हा एकदा वाचा. यादीबाहेर कुणीतरी बसलेलं असतं.