सात नंबरची जर्सी

"माझं नाव खोड," जयवंत परब म्हणाला, आणि व्यायामशाळेच्या त्या लांबट खोलीत चहाचे ग्लास तोंडापाशीच थांबले.

मंडळाचा सेक्रेटरी विकास हातातली यादी घेऊन उभा होता. "काका, आता कसं खोडू? बोर्ड पेंटरकडे गेलाय. संध्याकाळी नावं फायनल करून द्यायचीत."

"मग दुपारीच खोड."

मंडळाला पन्नास वर्षं झाली होती. त्यानिमित्त पन्नास वर्षांतले सर्वोत्तम बारा कबड्डीपटू निवडायचे, त्यांचा बोर्ड व्यायामशाळेत लावायचा आणि जे हयात आहेत त्यांना मैदानात बोलावून जर्सी द्यायची, असं ठरलं. ठरवणाऱ्याला काय जातंय! जागा बारा, आणि स्वतःला त्यांत बसवणारे लालबागमध्ये बाराशे. दोन रविवार नुसती खडाजंगी चालली होती. एकाचं नाव घेतलं कारण त्याच्या चिरंजिवांचा फोटो गल्लीच्या प्रत्येक बॅनरवर असतो. एक जण मंडळाकडून मोजून तीन सामने खेळलेला, पण गेला तेव्हा अंत्ययात्रेला गर्दी फार होती, म्हणून तो. असे सगळे सोपस्कार होऊन बाराव्या जागेवर आला जयवंत परब, पाणी खात्यातला चावीवाला.

जयवंतच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. त्याच्यावर रागावणार तरी कोण? पहाटे खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून रस्त्यातली झाकणं उघडायची, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि करी रोडपासून परळपर्यंत नळांना पाणी सोडायचं, हे त्यानं छत्तीस वर्षं केलं होतं. येत्या एकतीस मेला तो रिटायर होणार होता. पण जिन्यात कुजबुज होतीच. "परब? पाणीवाला परब? हा कधी खेळला रे?" आणि खरं सांगायचं तर जयवंतचंही अगदी हेच मत होतं.

"काका, रेकॉर्ड बोलतं," विकास म्हणाला. "एकोणनव्वदची सेमीफायनल. तुमचे एकट्याचे अकरा पॉइंट. राज्य स्पर्धेच्या टीममध्ये सिलेक्ट झालात. आपल्या मंडळाचे असे किती आहेत? चार!"

त्यानं कपाटातून एक कागद काढला. प्रदर्शनासाठी त्याला प्लास्टिक चढवलं होतं. त्या सामन्याचं गुणपत्रक. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, पण अक्षर शाबूत. क्रमांक सात, जयवंत सखाराम परब, गुण अकरा.

जयवंतनं चष्मा लावला. हा कागद त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. त्यात काय लिहिलंय ते मात्र त्याला पाठ होतं, आणि ते खोटं होतं.

झालं होतं ते असं. तेव्हा मंडळाकडे धड जर्सी सातच होत्या. खेळणारे सात जण त्या घालायचे, राखीव खेळाडू बनियनवर बसायचे. कोणी जखमी झाला की बाहेर येता येता जर्सी काढून द्यायचा, आणि आत जाणारा ती घामानं भिजलेली जर्सी तशीच डोक्यातून घालायचा. त्या सेमीफायनलला सात नंबर होता हेमचंद्र धुरीचा. संघाचा कॅप्टन, आणि चढाईला गेला की समोरच्यांची पळता भुई थोडी! नऊ गुण त्यानं एकट्यानं आणले आणि एका पकडीत घोटा फिरला. लंगडत बाहेर आला, जर्सी काढली आणि जयवंतच्या अंगावर फेकली. "जा, मेल्या. पडू नकोस." जयवंतनं शेवटच्या सात मिनिटांत दोन गुण आणले. सामना जिंकला. गुणलेखक बाबी मास्तर जाड भिंगाच्या चष्म्यातून वर न बघताच ओरडले, "सात नंबर कोण रे?" जर्सी ज्याच्या अंगात, त्यानं हात वर केला. "मी, मास्तर."

बस, एवढाच गुन्हा. हजेरी घेतायत असं त्याला वाटलं होतं.

त्या दिवशी तीन मैदानांवर एकदम सामने चालले होते. निवड समितीनं कागद बघून संघ निवडला. आठ दिवसांनी यादी लागली, त्यात जयवंत परब होता आणि हेमचंद्र धुरी नव्हता. सगळं लालबाग आ वासून बघत राहिलं. राज्य स्पर्धेत जयवंतला एकच चढाई मिळाली, आणि त्या चढाईत तो मध्यरेषेपासून चार पावलांवर पकडला गेला. पण सर्टिफिकेट मिळालं. त्या सर्टिफिकेटवर खेळाडूंच्या कोट्यातून पाणी खात्यात नोकरी लागली. बाप गिरणीत बदली कामगार, संपानंतर गावी जाऊन बसलेला, घरात चार तोंडं. त्या नोकरीवर बहिणीचं लग्न झालं, लतिका लग्न होऊन घरात आली, लेक अपेक्षा शिकली आणि नर्स झाली. देव्हाऱ्यापुढे हात जोडताना जयवंत आधी देवाचं नाव घ्यायचा आणि लगेच पाठोपाठ हेमचंद्राचं. दुसरं नाव मनातल्या मनात.

त्याला वाटायचं, हेमूला यातलं काही ठाऊक नाही. त्याला तर सामना संपताच हॉस्पिटलात नेलं होतं. मास्तरांचा घोळ मास्तरांबरोबर गेला. सांगायचं धाडस झालं नाही, आणि वर्षं गेली तशी लाज वाढत गेली.

आता त्यानं कागदाच्या तळाशी पाहिलं. दोन्ही संघांच्या कॅप्टननी सामन्यानंतर गुणपत्रक वाचून सही करायची असते. तिथं सही होती. 'हे. धुरी', आणि 'री'ची वेलांटी मागे ओढत नेऊन नावाखाली रेघ. ही सही जयवंतला अंधारातही ओळखू आली असती.

म्हणजे हेमूनं वाचलं होतं. वाचून सही केली होती.

"विकास, हा कागद मला दे तासभर," जयवंत म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरला.

हेमचंद्र धुरीची पिठाची चक्की करी रोडच्या पुलाजवळ होती. आजूबाजूला चाळीस मजल्यांचे टॉवर उठले, पण चक्की जागची हलली नाही. रविवार असल्यानं डब्यांची रांग होती. हेमचंद्र भुवयांपर्यंत पांढरा होऊन ज्वारी दळत होता. जयवंतला बघून त्यानं पट्टा थांबवला.

"काय रे, आज रविवारचा? पाणी नाय की काय उद्या?"

जयवंतनं कागद पुढे धरला. हेमचंद्रानं पिठाचे हात पँटला पुसले, कागद लांब धरून वाचला आणि चक्क हसला. "अरे, बाबी मास्तराचं अक्षर! केवढं सुंदर लिहायचा रे म्हातारा."

"अक्षर सोड. खाली सही कोणाची?"

"माझी."

"तू वाचलं होतंस?"

"मी कधी न वाचता सही करतो? मेल्या, रेशनकार्डचा फॉर्म पण दोनदा वाचतो मी."

"मग माझ्या नावावर अकरा कसे ठेवलेस? नऊ तुझे होते, हेमू!" जयवंतचा आवाज चिरकला. रांगेतल्या बाईनं डबा खाली ठेवला आणि ती मन लावून ऐकू लागली.

हेमचंद्र गोणीवर बसला आणि त्यानं जयवंतलाही ओढून बसवलं. "तुका काय वाटला, माका म्हायत नव्हता? बाकावर पाय वर करून बसलो होतो. मास्तर कागद घेऊन आला. वाचलं. म्हटलं, मास्तर, चुकलंय. आणि मग तू दिसलास. नळाखाली डोकं धरून हसत होतास. तुझ्या घरी बाप गावाला, काम नाही. माझ्या बापाची ही चक्की होती. घोट्याचं तर डॉक्टरच्या आधी मलाच कळलं होतं, की हा पाय आता चढाई करणार नाही. म्हटलं, राहू दे मास्तर, बरोबर आहे. आणि केली सही."

"आणि छत्तीस वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीस?"

"सांगून काय करणार होतो? तू नोकरीचा राजीनामा घेऊन माझ्या दारात उभा राहिला असतास. गाढव आहेसच तू." हेमचंद्रानं भुवयांवरचं पीठ पुसलं. "तसा मीही काही संत नाही हां. पहिली दोन वर्षं तू रस्त्यात दिसलास की मी गल्ली बदलायचो. रात्री स्वप्नात चढाया करायचो. मग तुझ्या लग्नाची पहिली पत्रिका देवाच्या आधी माझ्याकडे घेऊन आलास. गेला राग."

जयवंतनं खिशातला रुमाल काढला, त्यालाही पीठ लागलं. "मी नाव खोडायला सांगितलंय. तुझं घालतो. कागदावर तुझे गुणच नाहीत, म्हणून तुझं नाव कोणाला सुचलं नाही. बोर्डावर तूच पाहिजेस."

हेमचंद्र ताडकन उठला. "खबरदार! आतापर्यंत गमतीत बोलत होतो. अख्ख्या जन्मात निवड समितीवर मला कोणी घेतलं नाही. एकच माणूस निवडला मी, एकदाच. तो छत्तीस वर्षं पहाटे उठून सगळ्या लालबागला पाणी सोडतो, माझ्या चक्कीच्या नळाला एक दिवस खाडा नाही. आणि आता तोच येऊन सांगतो, की माझी निवड चुकली? जा. बोर्ड लागू दे."

त्यानं पट्टा सुरू केला. चक्कीच्या आवाजात पुढचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

जयवंतनं विकासला फोन केला. "नाव राहू दे. पण जर्सी सात नंबरची पाहिजे, आणि साईझ मोठी घे."

"काका, तुम्हाला मीडियम बसेल."

"मोठी घे म्हटलं ना."

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता मैदान भरलं. हल्ली सामने मॅटवर होतात, पण म्हाताऱ्यांच्या हट्टापायी त्या दिवशी मातीचं मैदान आखलं होतं, आणि थाटासाठी शिट्टी घेऊन पंचही उभा केला होता. पुढच्या खुर्च्यांत लतिका आणि अपेक्षा बसल्या होत्या, दुसऱ्या रांगेत हेमचंद्र. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण कानामागे पीठ राहिलंच होतं. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. ज्याची अंत्ययात्रा मोठी झाली त्याच्यासाठी त्याचा नातू आला. टाळ्या त्यालाही पडल्या.

"जयवंत सखाराम परब!"

जयवंत मैदानात गेला. विकासनं दिलेली जर्सी त्यानं शर्टावरून घातली. ती गुडघ्यापर्यंत आली, तशी पोरं हसली. माईकवर चार शब्द बोलायचे होते. पण जयवंत माईककडे गेलाच नाही. तो सरळ पंचांपाशी गेला आणि दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून त्यानं खूण केली. खेळाडू बदलायचा असला की करतात ती.

पंच गोंधळला. सामनाच नव्हता, तर बदल कसला? पण म्हाताऱ्याचे डोळे बघून त्यानं शिट्टी मारली.

जयवंत कडेच्या रेषेपर्यंत चालत आला. रेषेवरच त्यानं जर्सी काढली आणि दुसऱ्या रांगेच्या दिशेनं फेकली. हेमचंद्रानं ती छातीशी झेलली.

"जा, मेल्या," जयवंत म्हणाला. "पडू नकोस."

हेमचंद्रानं जर्सी उलटून सात नंबर पाहिला. मग उठला, लंगडत रेषेपाशी आला आणि त्यानं जर्सी डोक्यातून घातली. पोटावर ती जरा अडली, मग बरोबर बसली. वाकून त्यानं मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत गेला.

बाहेर बाकावर राखीव खेळाडूंची जागा रिकामी होती. जयवंत तिथं जाऊन बसला आणि टाळ्या वाजवू लागला.