भिंतीवर दिसलेली तक्रार

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. सरकारी प्रशिक्षण केंद्राच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली पडलो आहे. माझा दिवा कधीच गेला. पण मित्रांनो, एके काळी माझा काय थाट होता! वकीलबाईंचा वर्ग माझ्यावाचून सुरूच होत नसे.

वकीलबाई सरकारच्या कायदा विभागात होत्या. लोकांची खासगी माहिती कचेऱ्यांतून बाहेर फुटू नये, हे त्यांचं काम. कोणाचा आजार, कोणाचा पत्ता उघड झाला की माणसं त्यांच्याकडे तक्रार घेऊन येत. महिन्यातून दोनदा त्या अधिकाऱ्यांना आणि नव्या वकिलांना शिकवत. त्याआधी माझी काच स्वतःच्या रुमालाने पुसत. शिपाईमामा चिडवायचे, "बाई, एवढे लाड घरच्यांचेही होत नसतील!"

शिकवताना त्या खऱ्या तक्रारी दाखवत. नाव, पत्ता, फोन, सगळ्यावर काळी पट्टी. त्या दिवशीही पट्ट्या होत्या. तक्रार अशी होती, एका बाईवर मनाच्या आजाराचे उपचार चालू होते आणि दवाखान्यातल्या कोणीतरी ते बाहेर बोललं होतं. पण घाईत एक ओळ उघडी राहिली, 'बंदरावरील एकमेव महिला क्रेनचालक'. मी मेल्याने ती हातभर अक्षरांत भिंतीवर लावली.

मागच्या रांगेतला बंदराचा साहेब हसला. "अरेच्चा, ही तर आमची क्रेनवाली!"

वकीलबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी झटकन माझी वायर उपटली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आठवड्याभरात त्या बाईला क्रेनवरून उतरवलं. ती रिकाम्या वर्गात येऊन उभी राहिली. वकीलबाईंनी हात जोडले.

"चूक माझी आहे. तुमचं काम परत मिळावं म्हणून मी भांडेन. आणि ही चूक प्रत्येक वर्गात सांगेन."

"नको, बाई. भांडलात तर माझा कागद आणखी दहा टेबलं फिरेल. आणि चूक तुमची सांगाल, पण गोष्ट माझीच ना? मी तुमच्याकडे लपवायला आले होते हो."

ती गेली. वकीलबाई बाकावर बसून ढसाढसा रडल्या. मला रडता येत नाही, पण जीव तुटत होता.

त्यांनी शिकवणं सोडलं. का, ते कोणालाच सांगितलं नाही. अगदी स्वतःच्या नवऱ्यालाही नाही. लोक म्हणाले, "डोक्यात हवा गेली बाईंच्या." त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. खरं कारण सांगायला गेल्या असत्या, तर पुन्हा तिलाच उघडं करावं लागलं असतं.

मित्रांनो, नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला, असं समजू नका. दुसऱ्याचं गुपित जिवापाड जपा. आणि कृपा करून बंदरावर जाऊन तिला शोधू नका. ती क्रेन चालवत नव्हती. तिचं खरं काम मी तुम्हाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.