एकशे एकोणतिसावं पान

नाजिमा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच तिला पगार मिळायचा. २००१ च्या उन्हाळ्यात कंपनीच्या बसमध्ये जाता-येता ती वाचनालयातली हेरगिरीची एक जुनी कादंबरी वाचत होती. कुमुद आणि दिगंबर ही बहीण-भावाची जोडी लष्कराच्या चोरीला गेलेल्या नकाशाचा माग काढत होती. एकशे अठ्ठाविसाव्या पानावर प्रोफेसर लेल्यांचा खून झाला. पुढच्या पानावर मात्र दोघं गोव्यात, बोटीवर, मार्था नावाच्या बाईची उलटतपासणी घेत होते.

कोण मार्था? नाजिमानं मागची पानं चाळली. मार्था कुठंच नव्हती. एकशे पंचेचाळिसाव्या पानावर पुन्हा लेल्यांच्या बंगल्यात पंचनामा! पानांचे आकडे तर ओळीनं होते. तिनं तो भाग तीनदा वाचला. बोटीचा कप्तान म्हणजे वेषांतर केलेले लेले तर नव्हेत? की ऑफिसच्या कामानं आपलंच डोकं चालेनासं झालंय?

शनिवारी ती वाचनालयात गेली. ग्रंथपाल श्रीनिवासांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आठ जणांनी नेलं हे पुस्तक. दोघं तर म्हणाले, फार गुंतवून ठेवतं."

मग त्यांनी एकशे एकोणतिसाव्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं अगदी बारीक अक्षरात भलत्याच कादंबरीचं नाव होतं. जोडी तीच, गोष्ट दुसरी. सोळा पानांचा अख्खा फर्मा चुकून इथं शिवला गेला होता.

"बांधणी कुणाची?" नाजिमानं विचारलं.

श्रीनिवास क्षणभर घुटमळले. "तुमच्या अब्बांचीच. ही दोन्ही पुस्तकं एकदमच बांधायला दिली होती." त्यांनी कपाटातून ती दुसरी कादंबरीही काढून तिच्या हाती दिली.

तिचे अब्बा मकबूल तीस वर्षं पुस्तकं बांधत होते. रविवार पेठेतल्या दुकानात त्यांनी पानांवरून बोट फिरवलं.

"आकडे तर बरोबर आहेत."

"आकडे बरोबर आहेत अब्बा. खालचं नाव वाचा."

त्यांनी पुस्तक दारातल्या उजेडात धरलं. जवळ नेलं, लांब नेलं, मग तिच्याकडं सरकवलं. "तूच वाच."

नाजिमा बघतच राहिली. रोज एका दस्तरखानावर जेवतो आपण; मग हे कसं दिसलं नाही?

"कधीपासून?"

"झाले सहा-सात महिने. सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू दुकान बंद करा म्हणाली असतीस."

खरंच, नाजिमा तसंच म्हणाली असती. रागवावं की माफी मागावी, तिला कळेना.

"सोमवारी रजा टाकते," ती शेवटी म्हणाली. "डॉक्टरांना डोळे दाखवू. दुकानाचं मी काहीच म्हटलेलं नाही."

मकबूलनी मान डोलावली आणि दोन्ही पुस्तकांची शिवण उसवली. नाजिमा जमिनीवर बसून एकेका फर्म्यावरचं नाव मोठ्यानं वाचू लागली. नाव ऐकलं की ते फर्मा उजवीकडं किंवा डावीकडं ठेवत, आणि पुढच्यासाठी हात पुढं करत.