मागाच्या तेलाचे दोन थेंब

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मोबाइलमधला नव्हे, रोल घालावा लागणारा. माझ्या भिंगामागे पोलादाची पाच पातळ पाती आहेत. कळ दाबली की ती क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. त्यालाच शटर म्हणतात. माझा सगळा तोरा त्या एका क्षणाचा!

माझे मालक महेश्वर सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. एका स्टुडिओवाल्याकडून त्यांनी मला घेतले. दर रविवारी ते गल्लीतल्या तान्ह्या बाळांचे, नव्या सायकलींचे फोटो काढत. "महेश्वरअण्णा, आमचा बी एक काढा की!" अशी हाक आली की मी खुलून जायचो.

मग त्यांच्या लेकीचे, नागमणीचे लग्न ठरले. बाहेरचा फोटोवाला बोलवायचा नाही, असे त्यांनी घरात बजावले. आदल्या दिवशी मला मायेने पुसले आणि मागाला द्यायचे तेच तेल, दोन थेंब, माझ्या पात्यांवर सोडले. अडलेल्या मागाला रोज तेल देणारा माणूस तो, त्याला दुसरे काय सुचणार? पण मित्रांनो, माझी पाती कोरडीच लागतात. मे महिन्याच्या उन्हात ते तेल पसरले आणि पाती एकमेकींना चिकटू लागली. एकदा उघडली की मिटायचे नाव घेईनात आणि उजेड आत शिरतच राही. मी आतल्या आत कळवळत होतो, पण मला बोलता कुठे येते!

लग्नाचे सगळे फोटो पांढरेफटक आले.

"तुमचा हात हालला," त्यांची बायको सावित्रम्मा म्हणाली. लेकीच्या लग्नाचा एकही फोटो घरात नाही, हे तिला फार लागले होते. ते वाक्य ती पुढे कितीदा तरी म्हणाली. महेश्वरांनाही ते पटले. त्यांनी मला जुन्या चादरीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि पुन्हा कधी हातात घेतले नाही. बावीस वर्षे मी अंधारात होतो. मला त्यांचा राग नाही आला, त्यांच्याविना करमायचे नाही एवढेच.

गेल्या महिन्यात नागमणीची मुलगी काव्या, जी इथे कॉलेजसाठी आजोळी राहते, तिने मला बाहेर काढले. ती मला खिडकीपाशी घेऊन बसली. मागचे झाकण उघडून तिने कळ दाबली. पाती अर्धवट उघडली आणि तशीच राहिली.

"ताता, हात हालला तर फोटो धूसर येतो, पांढरा न्हाय येत," ती आजोबांना म्हणाली. "हितं पाती चिकटल्यात, बघा."

तिने पुढचे भिंग फिरवून काढले आणि स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस पात्यांवरून हलकेच फिरवला. कापूस काळा झाला. महेश्वरांनी तो नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे मागाचं तेल हाय. मीच घातलं होतं की!"

सावित्रम्मा दारातच उभी होती. मला वाटले, आता काही खरे नाही. पण ती जवळ येऊन बसली. "एवढी वर्सं मी उगं तुमच्या हाताला बोल लावला," ती म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

तीन दिवस पुसल्यावर पाती कोरडी झाली. टिच! स्वतःचा तो आवाज ऐकून मला रडू आले असते.

रविवारी नागमणी आणि जावई होटगीहून आले. ती लग्नातली साडी नेसली, जावयांनी फेटा बांधला. महेश्वरांनी मला डोळ्याला लावले. त्यांची बोटे थरथरत होती. मी माझ्या परीने वेळेवर उघडलो आणि वेळेवर मिटलो.

पंधरा दिवसांनी फोटो आला. रंग छान, चेहरे हसरे, पण सगळेच जरासे धूसर.

सावित्रम्माने तो डोळ्यांजवळ धरला. "ह्या वक्ताला मात्र हाललाच बरं का हात!" ती म्हणाली आणि स्वतःच्या हाताने फोटो भिंतीवर लावला.

मित्रांनो, कोणाची काळजी घ्याल तेव्हा त्याला काय लागते, ते आधी बघा. मला फक्त एक कोरडे फडके पुरे होते.