अर्थिंगचा खड्डा

गल्लीत त्यांना सगळे तपासनीस म्हणत. उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावरही खोड काही गेली नव्हती. किराणा दुकानाच्या पाटीवरची चूकसुद्धा त्यांनी मालकाशी हुज्जत घालून दुरुस्त करून घेतली होती. अशा माणसाच्या कॉम्प्युटरवर अक्षरं आपल्या मर्जीने उमटू लागली, म्हणजे कहरच झाला.

बायको गेल्यापासून ते घरात एकटेच होते. काही महिने ठीक गेले आणि ऐन उन्हाळ्यात कॉम्प्युटरचं तंत्र बिघडलं. पडद्यावरचा बाण सैरावैरा पळे, मध्येच सगळं बंद पडे, खोक्याला हात लागला की बोटांना मुंग्या येत. दुरुस्तीवाल्याने तो आठ दिवस दुकानात चालवून पाहिला. तिथे स्वारी अगदी शहाण्यासारखी वागली. तेव्हा मुलाने मनाशी ठरवून टाकलं की बिघाड कॉम्प्युटरमध्ये नाही, बाबांमध्ये आहे. हात थरथरत असतील, भास होत असतील. आता घराला कुलूप लावायचं आणि त्यांना आपल्याकडे आणायचं. तपासनीसांच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं हे घर मी चालवलंय, मरेपर्यंत मीच चालवीन, असं त्यांनी मुलाला ठणकावलं. शेवटी घासाघीस होऊन ठरलं, की घराचं वायरिंग एकदा तपासायचं. त्यात काही निघालं नाही, तर शनिवारी मुलगा गाडी घेऊन येणार.

वीस वर्षांपूर्वी ज्याने वायरिंग केलं होतं, त्याच वायरमनला त्यांनी हुडकून आणलं. तोही आता थकला होता, बसताना गुडघे धरून बसत होता. त्याने पिशवीतून होल्डरला लावलेला बल्ब काढला. त्याच्या दोन वायरी प्लगच्या खालच्या दोन भोकांत घातल्या, तर बल्ब लख्ख पेटला. मग एक वायर वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्बची तार नुसती लालसर झाली.

अर्थिंग गेलंय, तो म्हणाला. खोक्यावर उतरलेल्या विजेला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून ती हाताला लागते आणि कॉम्प्युटरलाही छळते. दुकानातलं अर्थिंग धड आहे, म्हणून तिथे काही झालं नाही.

तपासनीसांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं! मुलाला केव्हा फोन करतो असं त्यांना झालं.

वायरमन मागच्या अंगणात गेला आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यावरची फरशी त्याने सरकवली. मीठ-कोळसा घालून पुरलेल्या पाइपाभोवती माती वाळून तडकली होती. वायर मात्र शाबूत होती. त्याने दोन बादल्या पाणी ओतलं, ते मुरू दिलं आणि तासाभराने पुन्हा बल्ब लावला. बल्ब चांगला पेटला.

"वहिनींना मी सांगून ठेवलं होतं, ही जागा कोरडी पडू देऊ नका म्हणून," तो म्हणाला. "वीस वर्षं चाललं म्हणजे त्यांनी नेमाने पाणी घातलं. आता का बंद केलं?"

त्याला ठाऊक नव्हतं. तपासनीसांनी त्याला सांगितलं, की तिला जाऊन सात महिने झाले.

ते तिथेच पायरीवर बसले. रोज सकाळी धुण्याचं उरलेलं पाणी ती त्या कोपऱ्यात नेऊन ओतायची. तिथे गवताची काडीही नव्हती. खिडकीतून ते तिची थट्टा करायचे, बाग कधी फुलणार म्हणून विचारायचे, पाहुण्यांना हा किस्सा रंगवून सांगायचे. पाहुणे हसायचे, तीही हसायची. का ओततेस, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. तिने बहुधा कधीतरी सांगितलंही असेल, आणि मुद्रितातून मान वर न काढता त्यांनी हुंकार दिला असेल. तपासनीसांना रडू आवरेना. वायरमन खाली मान घालून पिशवी आवरत राहिला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. काय निघालं ते त्यांनी सगळं सांगितलं.

"मग राहा बाबा तुम्ही तिथेच," मुलगा म्हणाला. "माझंच चुकलं."

हेच ऐकायला ते महिनाभर आसुसले होते.

"घर मी चालवतच नव्हतो रे," ते म्हणाले. "ती काय काय सांभाळत होती, मला माहीत नाही. आता एकेक बंद पडेल तेव्हा कळेल. तू ये मला न्यायला."