तेवीस खड्ड्यांचा धनी

आमच्या नगरपंचायतीत रस्त्यांच्या तक्रारी माझ्या संगणकावर येतात आणि बहुतेक तिथंच मरतात. मी जीवन, कंत्राटी ऑपरेटर. कायम नोकरीवाले काम टाळतात, मी त्या टाळण्याची नोंद करतो.

दसऱ्याच्या आधी एकाच मोबाइलवरून एका दिवसात तेवीस तक्रारी आल्या. प्रत्येकीत एका खड्ड्याचा फोटो. तक्रारदार दिपाली, बारावी, धनगरवस्ती. आमच्याकडे एका रस्त्याची एकच तक्रार धरतात. मी बावीस तक्रारी ‘पुनरावृत्ती’ म्हणून बंद केल्या. उरलेल्या एकीसाठी आमचे इंजिनिअर महारुद्र साहेब यांनी दोन टोपली मुरूम टाकायला लावला, फोटो काढला, तीही निकाली.

चौथ्या दिवशी दिपालीचे आजोबा ऑफिसात आले. सटवाजी मामा, खांद्यावर घोंगडी.

“सायेब, खड्डे तेवीस हायत. तुमी एकच बुजवला, त्यो बी उखडला.”

“मामा, फोटोत सगळे सारखेच दिसतात.”

“सारखे?” त्यांची दोनशे मेंढरं मी सारखी म्हणालो असतो तरी त्यांनी इतक्या अचंब्यानं पाहिलं नसतं.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. कॉलेजच्या मुलींची निळी एसटी खड्ड्यांमुळे फाट्यावरूनच परत जात होती. फाटा वस्तीपासून चार किलोमीटर. दिवाळी झाली की मेंढरं चराईला निघणार, ती पावसाळ्यालाच परत. मागे घरी फक्त दिपालीची म्हातारी आजी बानूबाई.

“गाडी दारात आली तर पोरगी म्हातारीजवळ ऱ्हाईल, शिकंल. न्हाईतर मेंढरामागं न्यावी लागंल. एकल्या पोरीला चार किलोमीटर कसं धाडू?”

अंग काढून घेण्यात मी पटाईत. म्हणालो, “असं करा, प्रत्येक खड्ड्याला खूण करा. म्हणजे वेगळे ओळखू येतील.”

मामांनी माझा शब्द खरा मानला. त्यांच्या मेंढरांच्या पाठीवर निळ्या रंगाचे दोन पट्टे असतात. तेच पट्टे त्यांनी तेवीसही खड्ड्यांच्या कडेला ओढले. दिपालीनं नवे फोटो धाडले. साहेबांनी नकारार्थी मान हलवली आणि मी तक्रारी पुन्हा बंद केल्या.

पण वस्तीत ज्याची खूण, त्याचं जनावर. ते दुसऱ्याच्या शेतात शिरलं तर भरपाई खूणवाल्यानं करायची, त्यात वाद नाही. आठवड्यात वस्तीतल्याच मुंजाजीच्या एडक्याचा पाय एका खड्ड्यात मोडला. मुंजाजी अर्ध्या चेष्टेत मामांना म्हणाला, “खूण तर तुजी हाय गड्या.” मामा हसले नाहीत. आपल्या कळपातला चांगला एडका त्यांनी मुंजाजीच्या दारात नेऊन बांधला. मग माझ्याकडे आले.

“सायेब, रंग पुसायलोय, पर डांबरावरचा निघना. अजून बावीस खड्डे हायत. इतके एडके मजपाशी न्हाईत.”

मला लाज वाटली. बापानं चारचौघांत कानाखाली वाजवली होती, तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

रविवारी मी ऑफिसातला पिवळा रंग आणि विजेच्या खांबांवर ‘न. पं.’ छापायचा पत्रा घेऊन वस्तीच्या रस्त्यावर गेलो. मामांच्या पट्ट्यांवर छापत गेलो, न. पं. १, न. पं. २, असं तेवीसपर्यंत. मामा मागून चालत होते.

“आता हे कुनाचे?”

“आमचे, मामा.”

“बघा हां. खूण केल्यावर फिरता येत न्हाई.”

सोमवारी मुंजाजी लंगडा एडका घेऊन थेट साहेबांच्या दारात. “सटवाजीचा एडका मी वापस केला. आता खूण तुमची हाय, तवा तुमी द्या.” साहेबांना थट्टा वाटली. मंगळवारी एकानं वाकडं झालेलं सायकलचं चाक आणलं, बुधवारी कुणी चेपलेली दुधाची कॅन. कुणी आरडाओरडा करेना. यायचं, खड्ड्याचा नंबर सांगायचा आणि पायरीवर बसायचं. शुक्रवारपर्यंत साहेबांना केबिनमध्ये शिरायला वाट उरली नाही.

“रंग कुणी मारला?” साहेब गरजले.

“मी.”

नोकरी गेली असं समजून मी जेवणाचा डबा पिशवीत भरला. साहेबांनी मला मोटरसायकलच्या मागे बसवलं आणि वस्तीच्या रस्त्यावर नेलं. मोजायचा टेप माझ्या हातात दिला. पाचव्या खड्ड्यात गाडी अशी आदळली की त्यांचा चष्मा पडला. त्यानंतर आम्ही पायीच गेलो. तेविसाव्याला ते म्हणाले, “नंबर टाकून अर्धं काम तूच करून ठेवलंस की, गाढवा!” त्यांनी मला शिवी दिल्याचा एवढा आनंद कधीच झाला नव्हता.

दिवाळीच्या आधी खडी आली, डांबर आलं, रोलर फिरला. आगारानं सांगितलं, दिवाळी झाल्यावर सोमवारी गाडी पाठवून बघतो.

त्याच सोमवारी मेंढरं निघणार होती. मी सकाळीच वस्तीवर पोचलो. घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं होतं आणि त्यात दिपालीचंही गाठोडं. मामांचा माझ्यावर विश्वास होता, गाडीवर नव्हता. दिपाली मात्र कॉलेजचा ड्रेस घालून, दप्तर पाठीला लावून उभी होती. आठ वाजले, सव्वाआठ झाले. मामांनी मेंढरांना हाळी दिली आणि कळप रस्त्याला लागला. बानूबाईनं डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात वळणावर निळी गाडी दिसली. कुठं न आदळता सरळ वस्तीपर्यंत आली.

मामांनी घोडा थांबवला. दोरी सोडून दिपालीचं गाठोडं खाली काढलं आणि बानूबाईच्या हातात दिलं. “जा,” एवढंच ते नातीला म्हणाले. दिपाली त्यांच्या पाया पडली आणि पळत गाडीत चढली.

गाडी वळून परत निघाली, तर पुढं सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही, नुसता थांबला. मामा काठी उंच धरून धावत पुढं गेले. एकेक करत दोनशे मेंढरं त्यांनी रस्त्याखाली शेतात उतरवली आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, “तुमी व्हा म्होरं! पोरीला उशीर व्हायलाय.”