उडवलेली तारीख

आघाडीवरच्या शिपायांनी गावच्या साप्ताहिकाला पाठवलेली पत्रं त्यात छापून यायची. संपादकांचा एक नियम होता, पत्राच्या माथ्यावरची तारीख उडवायची. "शिळी बातमी कोण वाचतंय?" असं ते म्हणत. छापखान्यातला जुळारी मान डोलवायचा आणि शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा उचलून मजकूर जुळवायचा. बावीस वर्षांत त्यानं त्यांच्याशी कधी हुज्जत घातली नव्हती.

शुक्रवारी अंक वाटून झाला आणि शिवणकाम करणारी मावशी छापखान्यात धावतच आली. मुलगा सोमवारी लढाईत कामी आल्याची तार तिच्या घरी आदल्या संध्याकाळी आली होती. अंक तोवर छापून झाला होता. जुळाऱ्याला ते सकाळीच कळलं होतं, आणि ही बाई हसत होती!

"जुळारीभाऊ, वाचलंत का? अहो, वाचलंत काय, तुम्हीच तर जुळवलंत!" तिनं अंक टेबलावर थापला. मुलाचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको म्हणून ती चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकली होती. बोट ठेवत ती वाचू लागली. "'मी खुशाल आहे. बूट एकदाचे मिळाले. एक माझ्या मापाचा, दुसरा कुणाच्या तरी आजोबांच्या.' बघा! तार खोटी. मागे न्हाव्याला मुलगी झाली, तर तार वाण्याकडे टाकली होती तारवाल्या मेल्यानं!"

संपादक आपल्या खोलीच्या दारात आले, तिला पाहिलं आणि हळूच दार ओढून घेतलं.

म्हणजे सांगायचं जुळाऱ्यावरच आलं. गप्प बसावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण ती म्हणाली, "आता तारऑफिसात जाते नि चांगली खरडपट्टी काढते त्यांची." तिथं चार लोकांत तिला कुणी सांगायचं?

त्यानं छापून झालेल्या पत्रांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडून मूळ पत्र काढलं.

"मावशी, बसा. हे वरचं वाचा."

आकडे तिला अक्षरांच्या आधीपासून येत होते, मापं घेऊन घेऊन. तिनं झटकन वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे तर गेल्या महिन्यातलं."

"पत्रं रांगेनं लागतात. याची पाळी काल आली."

"मग तारीख का नाही लावलीत?"

"तसा नियम आहे इथला. पण काढली मी. माझ्याच हातानं."

मावशीनं बंद दाराकडे एकदा पाहिलं. मग पत्रावर हात ठेवून विचारलं, "बुटांचं तरी खरं ना? की तेही तुम्हीच जुळवलंत?"

"नाही हो. शब्द न् शब्द त्याचाच आहे."

तिनं टेबलावरचा अंक उलटा करून ठेवला.

"घरी जाऊबाई कालपासून नुसती रडतेय," ती म्हणाली. "तिला आत्ताच हसवून आले मी. तोंड धुवायला लावलं. आता काय सांगू तिला?"

जुळाऱ्यानं शाईचे हात तसेच सदऱ्याला पुसले आणि पत्र घडी करून तिच्या हातात दिलं.

"चला," तो म्हणाला. "मी सांगतो."